ध खराब, पुन्हा घे

आत्या, ही पोस्ट वाचायच्या आधी चहा करून घे आणि नीट बसून वाच. मधेच फोन करू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग कर. बोलणी खायची तयारी ठेवूनच लिहायला बसलोय.

बाकीच्या मंडळींनो, आज जरा लांबण लागणार आहे. विषय कॉम्प्युटरवर गाणी करण्याचा आहे, पण त्यात आमचे अण्णा आहेत, त्यांची पेटी आहे आणि माझ्या हातून झालेला एक घोळ आहे, जो मी आजवर घरात कुणालाही सांगितलेला नाही. बायकोलासुद्धा परवाच सांगितला.

तर गोष्ट १९९९ च्या पावसाळ्यातली. मी अकरावीत होतो. घरी नवा कॉम्प्युटर आला होता, 'अभ्यासासाठी'. :-) एका मित्राकडून आलेल्या सीडीवर बऱ्याच फुकट प्रोग्रॅम्सच्या गर्दीत फास्टट्रॅकर २ सापडला. डॉसमध्ये चालणारा. उघडला तर काळ्या पडद्यावर आकड्यांचे उभे रकाने. मला वाटलं हिशेबाचं काहीतरी असेल. स्पेसबार की एंटर काहीतरी दाबलं, आकडे वरवर सरकायला लागले आणि स्पीकरमधून चक्क गाणं वाजायला लागलं! तो दिवस आणि पुढची दोन वर्षं अभ्यासाचं काय झालं ते आमच्या बाबांना विचारा.

ज्यांनी ट्रॅकर हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की नावाच्या एका जर्मन मुलाने अमिगा कॉम्प्युटरसाठी 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' लिहिला. अमिगाच्या आवाजाच्या चिपमध्ये चार वाहिन्या होत्या, म्हणून पडद्यावर चार रकाने. वेळ वरून खाली जाते. प्रत्येक ओळीत लिहायचं: कुठला सूर, कुठल्या नमुन्याचा, किती जोरात, आणि त्याला काय करायचं. नमुना म्हणजे सॅम्पल, खऱ्या वाद्याचा ध्वनिमुद्रित केलेला छोटासा तुकडा. एका सुराचा तुकडा घेतला की तोच भरभर वाजवून वरचे सूर आणि सावकाश वाजवून खालचे सूर निघतात. पुढे युरोपभर पोरांनी हे डोक्यावर घेतलं. फिनलंडच्या फ्यूचर क्रूने १९९३ मध्ये 'सेकंड रिअ‍ॅलिटी' नावाचा डेमो केला, त्याचं संगीत असंच केलेलं. आणि १९९४ मध्ये स्वीडनच्या ट्रायटन या पोरांच्या टोळीने फास्टट्रॅकर २ काढला. त्यात चारच्या ऐवजी बत्तीस रकाने!

यातली खरी गंमत फाइलच्या आकारात होती. तेव्हा देवाणघेवाण फ्लॉपीवर. एका फ्लॉपीत १.४४ एमबी. सेकंदाला २२,०५० नमुने आणि प्रत्येकी ८ बिट या साध्या दर्जाने आवाज साठवला, तरी एका फ्लॉपीत जेमतेम एक मिनिट पाच सेकंद मावतात. पण ट्रॅकरच्या फाइलमध्ये गाणं साठवलेलंच नसतं. चारदोन सुरांचे तुकडे असतात आणि 'कधी, कुठला, कसा वाजव' याची यादी असते. म्हणजे जेवण नाही, शिधा आणि कृती. त्यामुळे दहा मिनिटांचं गाणंसुद्धा अर्ध्या फ्लॉपीत बसायचं. आणि ज्याच्या हाती फाइल पडेल त्याला ते गाणं आतून उघडं दिसायचं. मी सगळं असंच शिकलो, दुसऱ्यांच्या फाइल्स उघडून, त्यांची भांडी हुंगून.

असो. तर त्याच पावसाळ्यात अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगलीकडून पुण्याला आले. ऑपरेशन झालं, डोळ्यांवर हिरवा चष्मा आला, वाचन बंद. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "माझी पेटी आणवा." काकांनी एसटीने पेटी आणली, मांडीवर घेऊन. खर्ज-नरची, वरच्या लाकडाचं पॉलिश अण्णांच्या डाव्या हाताने पार झिजवलेलं. त्यांनी भजनी मंडळात त्या पेटीवर किती वर्षं साथ केली याचा हिशेब आत्याकडे मिळेल.

पेटीच्या खोक्यात एक कॅसेट होती. तिच्याकडे वळतोच.

अण्णांना दिसत नव्हतं, मला ऐकणारा कुणीतरी हवा होता. त्यामुळे आमची जोडी जमली. दुपारी मी कॉम्प्युटर लावायचो आणि ते शेजारी खुर्चीत मान खाली घालून ऐकायचे. त्यांना मी समजावलं की खालच्या ओळीतलं झेड म्हणजे सा, एक्स म्हणजे रे, सी म्हणजे ग आणि त्यांच्या वरच्या एस, डी या काळ्या पट्ट्या. त्यांनी चाचपडत पाचही बोटं कीबोर्डवर ठेवली, सारेगमप वाजवलं आणि म्हणाले, "पेटीच आहे की. भाता तेवढा विजेचा."

त्यांनी मला एक गोष्ट दाखवली ती मला आजही कुठल्या मॅन्युअलमध्ये दिसलेली नाही. ट्रॅकरमध्ये एका पॅटर्नच्या ओळी असतात चौसष्ट. मी सगळं पाश्चात्त्य पद्धतीने चार-चारच्या हिशेबात करत होतो. अण्णांनी विचारलं, "एकूण घरं किती?" म्हटलं, चौसष्ट. "आणि ठोका किती घरांवर?" म्हटलं, चार. लगेच म्हणाले, "मग हा त्रिताल आहे रे. सोळा मात्रा, चार-चार घरं. तुझ्या जर्मनाने नकळत त्रिताल केलाय!" आणि खरंच तसं आहे. मुळातला वेग ठेवला तर एक मात्रा ०.४८ सेकंदाची होते आणि ७.६८ सेकंदांनी बरोबर सम. पॅटर्नची पहिली ओळ म्हणजे सम! मग आम्ही बाकीचे तालही लावून पाहिले. रूपकाला अठ्ठावीस ओळी, झपतालाला चाळीस. फास्टट्रॅकरमध्ये पॅटर्नची लांबी बदलता येते, त्यामुळे सगळे बसले.

तबला माझ्या आत्तेभावाचा. त्याचे बोल मी साध्या माइकवर घेतले. पहिल्या प्रयत्नात 'धा' हा अख्खा बोल एकच तुकडा म्हणून घेतला, तर फजिती. ट्रॅकरच्या एका रकान्यात नवा सूर आला की जुना तिथल्या तिथे मरतो. डग्ग्याची घुमक पुढच्या बोलाने कापली जायची, तबला उचक्या दिल्यासारखा वाजायचा. अण्णा म्हणाले, "धा म्हणजे दोन हात. तू एकाच हाताने वाजवतोयस." मग डग्गा एका रकान्यात, तबला दुसऱ्या रकान्यात. 'ना' आणि 'गे' वेगवेगळे घेतले, एका ओळीत दोन्ही आले की धा. खालीच्या जागी, दहा ते तेरा मात्रांमध्ये, डग्ग्याचा रकाना नुसता रिकामा सोडायचा. पडद्यावर खाली दिसते, अक्षरशः रिकामी जागा!

ठेका बसला, पण कानाला बोचत होता. अण्णा थोडा वेळ ऐकून म्हणाले, "याला सांग, जरा चूक." प्रत्येक 'ना' हुबेहूब तोच, त्याच जोराचा, त्याच क्षणाला. माणूस तसं वाजवत नाही. मग मी प्रत्येक ओळीत आवाजाचे आकडे वेगवेगळे भरले आणि 'ई-डी' ही आज्ञा वापरायला शिकलो. तिने सूर ओळीच्या आत थोडा उशिरा सुरू होतो. एका ओळीचे सहा बारीक भाग असतात, प्रत्येक वीस मिलिसेकंदांचा. दहाव्या मात्रेला एक भाग उशीर, चौदाव्याला दोन. हे सगळं अण्णा कानाने सांगायचे. "हा जरा मागे ओढ. नाही, इतका नाही." त्या दोन महिन्यांत मी लय या विषयावर जे शिकलो ते नंतर कधी शिकलो नाही.

मग पेटीचा नंबर लागला. पेटीचे सगळे सूर घ्यायची गरज नसते, एकाच सुरावरून बाकीचे काढता येतात. पण फार लांब ताणलं तर पितळ उघडं पडतं. मंद्रातला सूर दोन सप्तकं वर नेला की भात्याची चरचरसुद्धा चौपट वेगाने वाजते. अण्णा म्हणाले, "पेटीत उंदीर शिरलाय." म्हणून पाच सूर घ्यायचे ठरवलं: सा, ग, प, ध आणि वरचा सा. विंडोजच्या साउंड रेकॉर्डरमध्ये, खिडक्या बंद करून, पंखा बंद करून. अण्णांनी भाता एकसारखा ठेवायचा आणि पट्टी चार सेकंद दाबून धरायची. मी हाताने खूण करू शकत नव्हतो, कारण त्यांना दिसत नव्हतं. त्यामुळे मी त्यांच्या गुडघ्याला हात लावायचो. एकदा लावला की सुरू, पुन्हा लावला की बंद.

चार सूर छान आले. धैवताच्या वेळी भाता करकरला आणि मी गुडघ्याला हात लावायच्या आत अण्णा बोलले. तो सूर पुन्हा घ्यायचा ठरलं. नमुन्याच्या नावाच्या जागी मी रोमन लिपीत लिहून ठेवलं, 'ध खराब, पुन्हा घे'. तात्पुरता तोच वापरला.

पेटीचा सूर कितीही लांब वाजावा म्हणून त्याला लूप लावावा लागतो. सुराच्या स्थिर भागात दोन खुणा करायच्या, ट्रॅकर त्या दोन खुणांमध्ये पुढे-मागे, पुढे-मागे फिरत राहतो. दुसऱ्या खुणेच्या पलीकडचा आवाज कधीच वाजत नाही. तो फुकट जागा अडवतो, म्हणून फास्टट्रॅकरमध्ये 'मिनिमाइझ' असं एक बटण आहे. ते दाबलं की लूपच्या पलीकडचं सगळं कापून टाकलं जातं. मी चारही चांगल्या सुरांना ते दाबलं. फ्लॉपीत जागा लागत होती ना.

पूर्ण झालेली चाल अण्णांना ऐकवली तो दिवस मला लख्ख आठवतो. त्यात एका जागी मी धैवतावरून पंचमावर घसरत आणलं होतं. ट्रॅकरमध्ये तीन नंबरची आज्ञा त्यासाठीच आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जायचं. अण्णांनी मान वर केली. "थांब. हे काय केलंस? पेटीला मींड?" मग हसायलाच लागले. पेटीवर मींड निघत नाही ही तिच्यावरची जुनी तक्रार. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, त्यामागे हेही एक कारण. अण्णांच्या ऐन उमेदीची सगळी वर्षं त्या बंदीतच गेली. म्हणाले, "रेडिओवाल्यांना कळव म्हणावं, आता आमची पेटी मींड काढते." दिवसभर येईल-जाईल त्याला ते ऐकवत होते.

आता कॅसेट.

मला ती चाल वर्गातल्या मित्रांना ऐकवायची होती. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हते, टेपरेकॉर्डर होते. कॉम्प्युटरमधून वायर काढून टेपला जोडली. कोरी कॅसेट आणायला पैसे नव्हते, पेटीच्या खोक्यात एक पडलेली होती. वर नाव नाही, काही नाही. मागच्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या मोडलेल्या नव्हत्या, म्हणजे तिच्यावर रेकॉर्डिंग होतं. मी ती ऐकून पाहिली नाही. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू माझ्या गाण्यांनी भरल्या. दुसऱ्या बाजूला माझं गाणं संपल्यावर शेवटी अर्ध्या मिनिटाची जागा उरली होती. तिथे अचानक टाळांचा गजर सुरू झाला आणि 'विठ्ठल विठ्ठल' असा मंडळाचा एकत्र आवाज आला. मग टक्, टेप संपली.

१९९१ च्या कार्तिकीला गावच्या देवळात अण्णा एकटे गायले होते, ती कॅसेट. आत्या, तीच.

अण्णांना मी सांगितलं नाही. ते परत गेले, पेटी गेली. खोक्यात कॅसेट नाही हे त्यांना कळलं असणारच, पण त्यांनी कधी विचारलं नाही. मी कसा गप्प राहिलो ते मलाही आज नीट सांगता येत नाही. पहिल्या दिवशी भीती होती, पुढे लाज वाटायला लागली, आणि मग इतके दिवस गेले की सांगण्यात अर्थच उरला नाही असं मी स्वतःला पटवलं. अण्णा २००३ मध्ये गेले. वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर तू विचारलंस, "अण्णांची ती भजनाची कॅसेट कुणाकडे आहे?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी ताटं उचलली आणि आत गेलो. त्यानंतर २००५ च्या कृष्णेच्या पुरात खालच्या खोलीत पाणी शिरलं आणि पेटीचा भाता कुजला, लाकूड फुगलं. तू तेव्हा म्हणालीस, "निदान कॅसेट सापडायला हवी होती." ते वाक्य मी वीस वर्षं बाळगून आहे.

गेल्या महिन्यात घर बदललं. एका खोक्यात २००१ ची एक बॅकअप सीडी मिळाली. हल्लीच्या लॅपटॉपला सीडी चालत नाही, शेजाऱ्यांकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. फाइल्स निघाल्या. ओपनएमपीटी नावाचा ट्रॅकर फुकट मिळतो, तो या जुन्या फाइल्स उघडतो. (कुणाला हे सगळं करून पाहायचं असेल तर त्यानेच सुरुवात करा. आणि तबल्याला दोन रकाने द्या!) अण्णांची चाल लावली. हुबेहूब. कारण शिधा आणि कृती दोन्ही फाइलमध्येच असतात, काही हरवत नाही. तबला चुकत-चुकत चालत होता. धैवत पंचमावर घसरला तेव्हा मी उगाच मान वर केली.

मग नमुन्यांची यादी उघडली. सा, ग, प, वरचा सा. प्रत्येकाचं चित्र पडद्यावर दिसतं, आणि चौघांचंही चित्र लूपच्या खुणेवर बरोबर संपत होतं. कापलेले. आणि मग 'ध खराब, पुन्हा घे'. याला मिनिमाइझ केलंच नव्हतं. पुन्हा घ्यायचाच आहे, मग कशाला कापाकापी, असं वाटलं असणार. याच्या लूपची खूण चित्राच्या मध्यावरच होती. तिच्यापुढे सूर विझत गेलेला, मग जवळजवळ सपाट रेघ, आणि मग दोन छोटे उंचवटे.

मी तेवढाच भाग निवडला आणि वाजवला.

"बास का रे? बोट दुखलं."

आणि लगेच माझा, फुटत्या वयातला, चिडका आवाज: "अण्णा, बोलू नका ना मधे!"

एवढंच. तीन सेकंदही नाहीत. ८ बिटमध्ये आवाजाला एकूण २५६ पायऱ्या असतात. अण्णा माइकपासून लांब होते, त्यामुळे त्यांचा आवाज त्यातल्या थोड्याशाच पायऱ्यांत बसलाय. खरखर आहे, जात्यातून आल्यासारखा. पण 'का रे' मधला तो हेल त्यांचाच. चाल जितक्या वेळा वाजली असेल तितक्या वेळा हा तुकडा तिच्यासोबत होता आणि एकदाही वाजला नाही. मी स्वतःच ती फाइल मित्रांना फ्लॉपीवर दिली होती. म्हणजे अण्णांचा आवाज पुण्यातल्या चार-पाच घरांत जाऊन आला, कुणालाही न कळता.

सवयीने मी कीबोर्डवर बोट ठेवलं. नमुना आहे म्हटल्यावर कुठल्याही सुरात वाजवता येतो. एक पट्टी वरची दाबली आणि अण्णांचा आवाज पोरासारखा बारीक झाला. पटकन बोट काढलं. ते नको. मूळ जागीच राहू दे.

आत्या, कॅसेट माझ्याकडे आहे. जपून ठेवली आहे, पण तिच्यावर माझीच गाणी आहेत. खाली काही उरलं असेल का हे मी बघून झालोय. टेपरेकॉर्डरमध्ये रेकॉर्डिंगच्या हेडच्या आधी पुसणारा हेड असतो, तो सगळं साफ करून मगच नवीन लिहू देतो. शेवटचा अर्ध्या मिनिटाचा गजर तेवढा शिल्लक आहे. त्यात अण्णांचा आवाज वेगळा काढता येत नाही, मी पुष्कळ प्रयत्न केला. बहुतेक ते त्या वेळी पेटी वाजवत होते.

तीन सेकंदांनी तासाभराची भरपाई होत नाही, मला माहीत आहे. त्यासाठी हे लिहिलेलंही नाही. कॅसेटचं सांगितल्याशिवाय ही फाइल तुला पाठवता येत नव्हती, म्हणून आधी हे.

फाइल रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. गजरही पाठवतो. पहिल्या फाइलला आवाज पूर्ण मोठा कर, अण्णा हळू बोलतात. नंतर जो ओरडतो तो मी आहे. त्याला आता तू ओरड.